दफ्तरातील वेग : बोरूपासून कळफलकापर्यंत

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, आनेकल तालुका पसरलेला आहे. त्याची एक कड तमिळनाडूच्या सीमेला लागते आणि दुसरी वाढत्या बेंगळुरूत केव्हा मिसळून जाते ते प्रवाशाला कळतही नाही. एकेकाळची ही नाचणीची आणि रेशमाची भूमी. आज बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या गावांच्या नावांनी मोठमोठ्या औद्योगिक वसाहती ओळखल्या जातात. १९७८ साली कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने होसूर रस्त्यालगत सुमारे ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसवावयास घेतली आणि या परिसराचा सारा नूरच पालटला. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही संस्था १९८३ मध्ये बेंगळुरूस आली व पुढे याच वसाहतीत स्थिरावली.

या भागात दोन प्रकारच्या कचेऱ्या शेजारी शेजारी नांदतात. एक काचेच्या भिंतींची, जिथे दूरदेशींच्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब चालतात. दुसरी तालुक्याची सरकारी कचेरी, जिथे शेतकरी आपल्या जमिनीच्या ‘पहणी’चा उतारा मागावयास येतो. दोन्हींचा थाट वेगळा, वेतन वेगळे, भाषाही वेगळी. परंतु दोन्हीकडे काम करणाऱ्याच्या हातांकडे पाहिले तर एक गोष्ट सारखीच दिसते. डाव्या हाताची करंगळी कळफलकाच्या खालच्या कोपऱ्यातील ‘कंट्रोल’ कळेवर टेकते, दुसरे एखादे बोट क्षणभर एका अक्षरावर पडते, आणि पडद्यावरचा मजकूर उचलला जातो, दुसरीकडे ठेवला जातो, शोधला जातो किंवा छापण्यास जातो. नजर पडद्यावरून ढळत नाही. कचेरीच्या भाषेत यालाच ‘शॉर्टकट’ म्हणतात.

हा वेग किती, याचे मोजमापही झालेले आहे. अमेरिकेतील स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या संशोधकांनी १९८० साली संगणकावरील कामाची बारीक फोड प्रसिद्ध केली. सरावलेल्या माणसास एक कळ दाबावयास सुमारे ०.२ सेकंद लागतात. हात कळफलकावरून उचलून माउसवर नेण्यास ०.४ सेकंद, आणि पडद्यावरील एखाद्या जागी बाण नेऊन टेकवण्यास १.१ सेकंद. या हिशेबाने, हात माउसवर नेणे, यादी उघडणे, तीतील ‘कॉपी’ हा शब्द निवडणे आणि हात परत आणणे यांत तीन सेकंदांहून अधिक काळ जातो. कंट्रोल व ‘सी’ या दोन कळा दाबल्या तर अर्ध्या सेकंदाच्या आतच काम होते. दिवसातून दोनशे वेळा असे करणाऱ्या कारकुनाची दहा मिनिटे वाचतात. दहा मिनिटे म्हणजे काही मोठे घबाड नव्हे. त्याहून मोलाचे हे की, हात थांबला नाही म्हणजे मनही थांबत नाही. वाक्य अर्ध्यावर असताना लक्ष यादीकडे वळवावे लागत नाही.

कचेरीतील माणसाने हात न थांबवता लिहावे, यासाठी केलेली खटपट मात्र संगणकाहून फार जुनी आहे. आनेकलच्या तालुका कचेरीत आजही जे शब्द ऐकू येतात त्यांतच तिच्या खुणा सापडतात. पहणी, खाते, दफ्तर, शिरस्तेदार, कचेरी हे शब्द मराठी माणसाला परके वाटत नाहीत; आणि तसे वाटू नयेत याला इतिहासाचे कारण आहे.

१६३८ साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू घेतले. त्या मोहिमेत असलेल्या शहाजीराजांकडे पुढे या मुलखाची जहागीर आली. एका बाजूस पुणे आणि दुसऱ्या बाजूस बेंगळुरू अशी दोन दूरची टोके एकाच घराण्याच्या कारभारात जोडली गेली. राजाबरोबर जसे शिलेदार आले तसे लिहिणारेही आले. देशपांडे, कुलकर्णी, कानगो ही पदनामे या प्रदेशात रुजली. १६८७ साली बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. त्यांनी कारभार अठरा कचेऱ्यांत वाटला असे म्हैसूरचा इतिहास सांगतो. बेंगळुरूतील उच्च न्यायालयाच्या तांबड्या इमारतीला लोक आजही ‘अट्टारा कचेरी’ म्हणतात. राज्य बदलले तरी लेखणीची परंपरा मोडली नाही. पुढे अठराव्या शतकातही म्हैसूरच्या हिशेबात कन्नडच्या जोडीने मराठी चालत असे. तिकडे तंजावरास तर मराठी दफ्तराचे मोडी कागद गठ्ठ्यांनी साठले.

मोडी हीच त्या काळची कारभाराची चलाख लिपी. तिचा जनक यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत होय, अशी परंपरा आहे; विद्वानांत तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. परंतु ती कशासाठी घडली याविषयी मतभेदाला जागा नाही. बाळबोध लिपीत अक्षरागणिक हात उचलावा लागतो: आधी अक्षराचे अंग, मग काना, मग वेलांटी, शेवटी डोक्यावरची रेघ. मोडी लिहिणारा कारकून कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ प्रथमच ओढून घेई आणि मग बोरूचे टोक शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरांची माळ ओवत जाई. अक्षरांना वळणे दिलेली असत ती सौंदर्यासाठी नव्हे, तर एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या आरंभाशी जुळावा म्हणून. ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद सोडून दिला. दोन शब्दांमध्ये जागा सोडणेही टाळले. हात उचलण्याचा, थांबण्याचा आणि विचार करण्याचा प्रत्येक प्रसंग शोधून शोधून कमी केला.

याखेरीज नेहमीच्या शब्दांचे संक्षेप ठरलेले असत. ‘मौजे’ या शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन दंड ओढले की गावाचे नाव येणार हे वाचणाऱ्यास कळे. परगणा, राजश्री, मुक्काम यांचीही तीच तऱ्हा. हिशेबात तर दंडांचेच राज्य होते: एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. चार या अंकापुढे दोन दंड दिसले की साडेचार वाचावयाचे. पत्रलेखनाचे मायने ठरलेले, समाप्तीची ‘लेखनसीमा’ ठरलेली. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढे सर्व लिहिण्याऐवजी ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे तर कालपरवापर्यंत प्रत्येक मराठी घरातील पत्राच्या माथ्यावर असत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन कागदांना मिळून ‘सातबारा’ म्हणणारा शेतकरीही याच परंपरेचा वारस आहे. शॉर्टकट ही कल्पना समजण्यास मराठी माणसाला इंग्रजीची वाट पाहावी लागली नव्हती.

बाळाजी आवजी चिटणीसांविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास त्यांना वेळ झाला नव्हता. महाराजांनी वाचून दाखवावयास सांगितले तेव्हा त्यांनी कोरा कागद हातात धरून पत्र खडाखडा म्हणून दाखवले. गोष्ट घडली असेल वा नसेल. परंतु आज्ञा आणि लेख यांमधील अंतर शून्यावर आणणारा कारकून हाच त्या काळचा आदर्श होता, हे तीवरून स्पष्ट दिसते.

आता या वेगाची किंमत कोणी दिली, हे पाहणे अगत्याचे आहे. मोडीने वेळ वाचवला तो लिहिणाऱ्याचा. आणि त्यातला पुष्कळसा भार टाकला तो वाचणाऱ्यावर. शब्द कोठे तुटतो, वेलांटी पहिली की दुसरी, हा संक्षेप कशाचा, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवावयाचे. ज्याचा व्यवसायच हा, त्याला ते जमे. ज्याच्या जमिनीची नोंद त्या कागदात असे त्या कुणब्याला मात्र ती नोंद म्हणजे अभेद्य जंगल होते. आपल्या शेताच्या चतुःसीमा काय लिहिल्या आहेत, सारा किती भरला आणि किती बाकी आहे, हे जाणून घेण्यासाठी त्याला कुलकर्ण्याच्या ओसरीवर बसावे लागे. कर्नाटकात कुलकर्ण्याच्या जागी शानुभोग होता. काळ्या खळीच्या घड्यांच्या कापडी वहीवर, म्हणजे ‘कडत’ावर, मऊ दगडाच्या पेन्सिलीने तो हिशेब लिही. ते पुसून पुन्हा लिहिता येत असे. कन्नड कचेऱ्यांत आज फाइलीला ‘कडत’च म्हणतात. लेखणी, वही आणि वळण ही सारी वंशपरंपरेने एका घरात राहत. अक्षर हीच जणू त्या घराची मिरास. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. म्हैसूर राज्यात ग्रामाधिकाऱ्यांची वंशपरंपरागत पदे १९६१ च्या कायद्याने रद्द झाली. वतने गेली, पण जुने कागद त्याच अक्षरांत राहिले.

मोडीचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८१० साली आपला मराठी कोश छापला तेव्हा मोडीचे खिळे पाडून पाहिले. पण अखंड वाहणाऱ्या लिपीचे सुटे खिळे करणे म्हणजे ओढ्याचे पाणी विटांच्या साच्यात भरण्यासारखे होते. छपाईने बाळबोध उचलली. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारातही मोडीच्या जागी बाळबोधीला अग्रस्थान दिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी हद्दपार झाली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि ते सराईतपणे वाचू शकणारे मूठभर आहेत. एका काळी कारकुनाची मिनिटे वाचवणाऱ्या लिपीने इतिहाससंशोधकांची वर्षे खर्ची घातली.

कचेरीच्या वेगाचा दुसरा अध्याय यंत्राने लिहिला. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स याने रचलेले टंकलेखनयंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ च्या दुसऱ्या यंत्रात ‘शिफ्ट’ नावाची कळ आली. ती दाबून धरली असता त्याच कळेतून दुसरे अक्षर उमटू लागले. एक कळ धरून ठेवावयाची आणि दुसरी मारावयाची, म्हणजे दुसरीचा अर्थ बदलतो, ही युक्ती तेथे कचेरीत आली. आजचा प्रत्येक शॉर्टकट हा त्या शिफ्ट कळेचा वंशज आहे.

यंत्र आले तरी प्रारंभी लोक कळ शोधून शोधून दोन बोटांनी टंकन करीत. १८८८ साली सिनसिनाटी येथे एक गाजलेली स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन हा न्यायालयीन लघुलेखक कळफलकाकडे न पाहता सर्व बोटांनी टंकन करून तीत विजयी झाला, आणि वेगाचे मर्म सर्वांच्या ध्यानी आले. कळेची जागा डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी लक्षात ठेवावयाची. गायकाचे सूर जसे गळ्यात बसतात तसा कळफलक बोटांत बसला पाहिजे. महाराष्ट्रातील गावोगावच्या टंकलेखन-वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींनी हेच शिक्षण घेतले. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द दर मिनिटाला, ही लिपिकाच्या जागेसाठीची अट कितीतरी घरांच्या चुलीशी जोडलेली होती.

देवनागरी यंत्राची अडचण वेगळी होती. इंग्रजीची सव्वीस अक्षरे जेथे बसवली तेथे स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, रफार इतका परिवार बसवावयाचा होता. मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धे अक्षर एका कळेवर, त्याला पूर्ण करणारा काना दुसरीवर. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून ती आधी मारावयाची, मग अक्षर. उच्चार मात्र याच्या उलट. १९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र तयार केले, आणि पुढे मराठी कळफलकाची यंत्रे तहसील कचेऱ्यांपासून न्यायालयाच्या आवारातील झाडाखालच्या टेबलांपर्यंत सर्वत्र खडखडू लागली. या अध्यायाचा एक मोठा गुण लक्षात घेण्यासारखा आहे. टंकलेखक कितीही वेगवान असो, कागदावर उमटणारे अक्षर सर्वांसाठी सारखेच स्वच्छ असे. मोडीत वेग अक्षराच्या अंगात शिरला होता; यंत्रात तो बोटांत राहिला, आणि कागद निर्दोष राहिला.

तिसरा अध्याय संगणकाचा. त्यातील कंट्रोल कळ ही मुळात तारायंत्राच्या जातीच्या टेलिप्रिंटरवरून आली. तेथे ती दाबून अक्षर मारले की अक्षर न उमटता यंत्राला आज्ञा जाई. उदाहरणार्थ, कंट्रोल व ‘जी’ दाबले की दूरच्या यंत्राची घंटा वाजे. १९६३ साली ठरलेल्या ॲस्की संकेतात या आज्ञांना पक्के स्थान मिळाले. १९७८ साली वर्डस्टार हे लेखनाचे सॉफ्टवेअर निघाले, तेव्हा पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळाही नसत. म्हणून वर्डस्टारने कंट्रोलसह ई, एस, डी, एक्स या चार कळांचा चौकोन योजला: वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. ज्याने ही विद्या आत्मसात केली त्याचा हात वाऱ्यासारखा चाले. ज्याला ती येत नसे त्याच्यासाठी पडद्यावर मदतीची मोठी यादी मांडून ठेवलेली असे.

परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाऊल लॅरी टेस्लर याने टाकले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात त्याने टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर ‘जिप्सी’ नावाचे सॉफ्टवेअर बनवले. ते ‘गिन’ या शालेय पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी होते. हे संपादक प्रत्यक्ष कात्री आणि खळ घेऊन कागदाचे तुकडे कापीत व दुसरीकडे चिकटवीत. टेस्लरने यंत्राला माणसाची रीत शिकवली: कापा, नक्कल करा, चिकटवा. पुढे तो ॲपल कंपनीत गेला. १९८३ च्या ‘लिसा’ संगणकात या कामांसाठी कळफलकाच्या खालच्या ओळीतील झेड, एक्स, सी आणि व्ही या सलग चार कळा आल्या. एक्स ही फुली, म्हणजे कापणे, सी हे ‘कॉपी’चे आद्याक्षर, व्ही हे मजकूर घुसवण्याच्या खुणेसारखे, आणि झेड ही केलेले परत फिरवण्याची कळ.

त्या काळी सर्वांनी हीच रीत स्वीकारली असे मात्र नाही. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आपली वेगळी नियमावली काढली. तीत नक्कल करण्यास कंट्रोल व ‘इन्सर्ट’, चिकटवण्यास शिफ्ट व ‘इन्सर्ट’ अशा कळा होत्या. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेलेला कारकून नव्या गावी बदली झाल्यासारखा गांगरून जाई. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर झेड, एक्स, सी, व्ही याच कळा रुळल्या आणि हळूहळू जगभर एकच रीत पडली. तेव्हापासून पत्र असो, हिशेबाचा तक्ता असो वा नकाशा असो, बोटांनी एकदा शिकलेली विद्या सर्वत्र चालते. मोडीचे वळण कचेरीगणिक बदले. चिटणिशी वेगळे, बिवलकरी वेगळे. कळफलकाची ही चार अक्षरे आनेकलला आणि अमेरिकेला एकच आहेत.

जुन्या कारकुनाच्या दृष्टीने पाहिले तर या चार कळांचे मोल अधिक उमगते. सनदेची वा निवाड्याची प्रत काढण्यासाठी नकलनवीस दिवसदिवस मान मोडून बसे, आणि मूळ व नक्कल ताडून पाहण्यास दुसरा माणूस लागे. ते काम दोन कळांवर आले. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक तिच्यावर पिवळी हरताळ फाशी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळाखालची चूक झाके, पण डाग राही. कंट्रोल व झेड दाबले की डागही राहत नाही. आणि या साऱ्यांहून मोठी देणगी कंट्रोल व एफ या जोडीची. हजार पानांच्या लेखातून एक सर्व्हे नंबर किंवा एक नाव ती क्षणात शोधून देते. ज्याने रुमाल सोडून सोडून एका नोंदीसाठी महिना घालवला आहे, त्यालाच या एका कळेचे मोल कळेल.

येथे मात्र मोडीचा जुना दोष नव्या वेषात परत आला. संगणकावर भारतीय लिप्या आल्या तेव्हा प्रत्येक संस्थेने आपापला फाँट आणि आपापला कळफलक काढला. वरवर पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ दिसे, पण यंत्राच्या पोटात त्याजागी इंग्रजी चिन्हांची खिचडी साठवलेली असे. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की कागद निरर्थक होई. लिहिणाऱ्याची सोय झाली आणि पुन्हा एकदा वाचणारा अडला. कंट्रोल व एफ दाबून ‘ज्ञानेश्वर’ शोधू जावे तर यंत्र सांगे, असा शब्दच येथे नाही. यावर उपाय म्हणून १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की हा संकेत आणि त्याबरोबर इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांचा समान कळफलक प्रमाण केला. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने, आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने. मराठीचा ‘क’ ज्या कळेवर, कन्नडचा ‘क’ही त्याच कळेवर. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांच्या या तंत्राचा पुष्कळ प्रसार केला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला व कन्नडला जागा मिळाली. कर्नाटकात के. पी. राव यांनी उच्चारानुसारी कन्नड कळफलक रचला. तो राज्याच्या कारभारात मान्यता पावला. तरीही जुन्या फाँटांत अडकलेल्या मराठी आणि कन्नड फाइली कचेऱ्यांच्या संगणकांत कितीतरी वर्षे पडून राहिल्या. त्यांना विसाव्या शतकाची मोडी म्हणावयास हरकत नाही.

आता पुन्हा आनेकलच्या तालुका कचेरीकडे वळता येईल. २००० सालाच्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ या प्रकल्पाखाली राज्यातील सर्व तालुक्यांच्या जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या सुमारे २ कोटी नोंदी कन्नडमध्ये भरल्या गेल्या. हस्तलिखित पहणीची कायदेशीर ग्राह्यता संपवण्यात आली. तालुक्याच्या ठिकाणी खिडकी उघडली. प्रारंभी पंधरा रुपये भरले की शेतकऱ्याच्या हाती छापील उतारा पडे. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच यंत्र उघडावे लागे, म्हणजे कोणी काय केले हे लपून राहू नये. शानुभोगाच्या घरातील कडत आणि त्याचे खासगी वळण यांच्या जागी सर्वांना सारखे दिसणारे अक्षर आले. महाराष्ट्रातही सातबारा संगणकावर आला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. मोर्तबाशिवाय सनद खरी मानीत नसत. तीच जागा आज या स्वाक्षरीने घेतली आहे.

हे सारे निर्दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. वेगाबरोबर चूकही वेगवान झाली आहे. नकलनवीस हाताने लिहीत असताना मजकूर त्याच्या मनातून जात असे. एखादे नाव विसंगत वाटले तर तो थबके. दोन कळांनी उचललेला परिच्छेद मात्र कोणाच्याही मनातून जात नाही. गेल्या वर्षीच्या आदेशातील तारीख या वर्षीच्या आदेशात तशीच राहते; एका खातेदाराचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या पत्रकात जाऊन बसते; आणि छापील अक्षर स्वच्छ असल्यामुळे ते खरेच असेल असे वाटते. जुना कुणबी कागद वाचता येत नाही म्हणून ओसरीवर बसे. नव्या कुणब्याला कागद वाचता येतो, पण त्यातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी खिडकीवर उभे राहावे लागते. म्हणून शॉर्टकटने वाचलेला वेळ कशात घालवावा, याचे उत्तर कचेरीतील जबाबदार माणसापाशी एकच असू शकते: चिकटवलेला मजकूर सही करण्यापूर्वी एकदा पुरता वाचण्यात. दोनशे नकलांनी वाचवलेली ती दहा मिनिटे त्याला पुरेशी होतात.

या दृष्टीने पाहता आठ-दहा कळांचे शिक्षण ही क्षुल्लक बाब राहत नाही. नक्कल करणे, कापणे, चिकटवणे, परत फिरवणे, जतन करणे, शोधणे, छापणे आणि सारा मजकूर एकदम निवडणे, एवढ्या जोड्या बोटांत बसल्या तरी कचेरीतील बहुतेक नित्यकर्म उरकते. रोज एक जोडी घ्यावी, त्या दिवशी माउसला त्या कामापुरती सुटी द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पुढची जोडी घ्यावी. पंधरवड्यात हात सरावतो. मोडीचा कित्ता गिरवण्यास मुलांना वर्ष लागे आणि ते भाग्य थोड्यांच्या वाट्याला येई. हा कित्ता कोणालाही खुला आहे. त्याला जात, वतन वा घराणे लागत नाही.

शहाजीराजांच्या काळी पुण्याहून बेंगळुरूस आलेल्या कारकुनाने कमरेला कलमदान बांधले होते. त्याच वाटेने आज आनेकलच्या परिसरात नोकरीस येणारा मराठी तरुण खांद्यावरच्या पिशवीत संगणक आणतो. दोघांनाही धन्याचे काम लवकर आणि चोख करावयाचे असते. फरक एवढाच की, पहिल्याचा वेग कागदावर उतरत असे आणि तो कागद पुढील पिढ्यांना उलगडावा लागे. दुसऱ्याचा वेग बोटांतच राहतो. मागे उरते ते सर्वांना वाचता येईल असे साधे अक्षर. ते अक्षर खरे आहे की नाही हे पाहण्याचे काम मात्र कोणतीही कळ करीत नाही. ते कालही लिहिणाऱ्याचे होते आणि आजही त्याचेच आहे.